पंधरा नंबरचा रकाना

डीसीटी बीबीबी जी450 सीईए. मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या विमानाचा रस्ता आम्ही असा वाचायचो. उड्डाण झालं की थेट बीबीबीवर, म्हणजे मुंबईच्या व्हीओआर या रेडिओ केंद्रावर. तिथून जी450 नावाचा हवाई मार्ग धरायचा. आणि सीईए, म्हणजे कलकत्त्याचं व्हीओआर आलं की रस्ता संपला. त्याच्या आधी एन0450एफ350: वेग 450 नॉट, उंची 35 हजार फूट. एवढा मजकूर फ्लाइट प्लॅनच्या 15 नंबरच्या रकान्यात बसतो. यात नागपूर कुठेही लिहिलेलं नाही. पण जी450 नागपूरवरूनच जातो आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असणार, असं धरून चाललेलं आहे. या रकान्याचा सगळा इतिहास मला त्या न लिहिलेल्या नागपुरात दिसतो.

मी सांताक्रूझला कम्युनिकेशनमध्ये लागले ते टेलिप्रिंटरचे दिवस. तेव्हा आम्ही नागरी विमान वाहतूक खात्याचे नोकर होतो. 1986 मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण झालं, 1995 मध्ये आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण. पाट्या बदलल्या, पाळ्या त्याच राहिल्या. रात्रपाळीला मान वर करायला फुरसत नसे, कारण युरोप आणि आखाताकडची विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतरच सुटायची. कराची, मस्कत, नैरोबी, कोलंबो अशा तारा आमच्या खोलीत येऊन पडलेल्या. प्रत्येक तारेला एक यंत्र, प्रत्येक यंत्राचा आपला खडखडाट. जुने लोक पाठमोरे बसूनसुद्धा आवाजावरून सांगत, "बघ गं, मस्कत बोलतंय."

फ्लाइट प्लॅनच्या घडणीमागे विमानाच्या इंजिनिअरपेक्षा या यंत्राचा हात जास्त आहे, असं माझं मत आहे. टेलिप्रिंटरची लिपी पाच भोकांची. कागदी टेपवर एका ओळीत पाच जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. म्हणजे एकूण 32 खुणा. त्यात इंग्रजी 26 अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं बसवायची म्हणून अक्षरांची एक पाळी आणि आकड्यांची दुसरी, आणि पाळी बदलायला वेगळी कळ. छोटी लिपी नाहीच, सगळी कॅपिटल. वेग 50 बॉड, म्हणजे मिनिटाला जेमतेम 66 शब्द. एका ओळीत 69 अक्षरं आणि एका संदेशात जास्तीत जास्त 1800. संदेश सुरू झाला हे यंत्राला कळावं म्हणून झेडसीझेडसी आणि संपला हे कळावं म्हणून चार वेळा एन. कुठल्याही शब्दात सहसा न येणाऱ्या अक्षरांच्या या जोड्या. फ्लाइट प्लॅनला प्राधान्य डबल एफचं. संकटाचा संदेश डबल एसचा, आणि तो आला की यंत्रातली घंटा पाचदा वाजायची. ती वाजली की चहाचे कप जागच्या जागी थांबत.

एका तारेवरून आलेला संदेश दुसरीकडे धाडायचा तर टेप फाडून दुसऱ्या यंत्राला लावायची. टेप हातात घेऊन भोकं वाचणारे लोक आमच्यात होते. उजेडाकडे धरून ते नुसत्या भोकांवरून विमानाचं नाव आणि मुक्काम सांगत. पुढे कॉम्प्युटरवर चालणारं संदेश-यंत्र आलं आणि ही विद्या कुणाच्या कामाची राहिली नाही.

त्या तुटपुंज्या खुणांत कंस होते, आडवी रेघ होती आणि तिरपी रेघ होती. फ्लाइट प्लॅन या तिघांवरच उभा आहे. कंस उघडला की प्लॅन सुरू, मिटला की संपला. आडवी रेघ आली की नवा रकाना. तिरपी रेघ आली की त्या ठिकाणी वेग किंवा उंची बदलणार. म्हणून शेऱ्यात आडवी रेघ घालायची नाही, हा पहिल्या आठवड्यातच डोक्यात ठोकला जाणारा नियम. एका विमान कंपनीचा डिस्पॅचर हौसेने व्हीआयपीच्या हुद्द्यात आडवी रेघ मारायचा आणि पलीकडच्या केंद्राचं यंत्र हुद्द्याचा उरलेला भाग नवा रकाना समजून अख्खा प्लॅन परत पाठवायचं. मग रात्री दोनला त्याच्याशी फोनवर हुज्जत.

हे सगळं होण्याआधी रस्ता लिहायची एक अशी रीत नव्हती, कारण तो दुसऱ्याला कळवायची गरजच फारशी नव्हती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, जुहूच्या मैदानावर उतरले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंटने टपाल पुढे बेळ्ळारी, मद्रासला नेलं. आकाशात दुसरं कोण होतं की ज्याच्यापासून अंतर राखायचं? किनारा दिसत होता, रूळ दिसत होते, तोच रस्ता.

गर्दी आधी अमेरिकेत झाली. 1 डिसेंबर 1935 रोजी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला विमान कंपन्यांनीच मिळून पहिलं वाहतूक नियंत्रण केंद्र उघडलं; पुढच्या वर्षी ते सरकारने घेतलं. कंपनीचा माणूस फोनवर विमानाचा रस्ता आणि वेळा सांगायचा, केंद्रातला माणूस फळ्यावर लिहायचा आणि टेबलावरच्या नकाशावर छोट्या खुणा हाताने पुढे सरकवायचा. त्या खुणांना ते कोळंबी पकडायच्या होड्यांचं नाव देत. खूण म्हणजे विमान, आणि विमान जिथे असायला हवं तिथे खूण. विमान खरंच तिथे आहे का, हे पाहायला रडार नव्हतं. लिहिलेल्या रस्त्यावर भरवसा ठेवून विमानं एकमेकांपासून दूर ठेवायची पद्धत इथे सुरू झाली. रडार आलं तरी समुद्रावर ती अजून पुरती गेलेली नाही.

हवाई मार्गांना नावंही अमेरिकेने रंगांवरून दिली. पूर्व-पश्चिम जाणारे हिरवे आणि लाल, उत्तर-दक्षिण जाणारे तपकिरी पिवळे आणि निळे. ग्रीन, रेड, अँबर, ब्लू. पुढे जगाने तीच अक्षरं उचलली. जी450 मधला जी म्हणजे मुळात तो हिरवा. युद्ध संपल्यावर मार्च 1946 मध्ये डब्लिनला उत्तर अटलांटिकच्या हवाई मार्गांसाठी देशांची बैठक भरली आणि तिथे वाहतूक नियंत्रणाच्या कार्यपद्धतीचा मसुदा झाला. तोच वाढत वाढत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं डॉक्युमेंट 4444 झालं. आम्ही त्याला नुसतं 'फोर फोर फोर फोर' म्हणायचो, आणि प्रमोशनच्या परीक्षेला ते उशाला घेऊन झोपायचो. बमरौलीच्या प्रशिक्षण केंद्रात ज्यांनी ते शिकवलं, त्यांना परिशिष्टं पानांच्या नंबरांसकट पाठ होती.

नवे लोक हमखास विचारत की फॉर्मच्या रकान्यांत 10 नंतर एकदम 13 कसा येतो, 11 आणि 12 कुठे गेले. नंबर अख्ख्या संदेश-कुटुंबाचे आहेत. फ्लाइट प्लॅन त्यातला एक भाऊ. 14 नंबर लागतो तो विमान हद्दीवर कधी येणार हे शेजारच्या केंद्राला सांगताना. 17 लागतो विमान उतरल्यावर. 20 विमान हरवल्यावर, 21 त्याचा रेडिओ बंद पडल्यावर. फॉर्मवर विमानाचं नाव 7 मध्ये, विमानाची जात 9 मध्ये, कुठून आणि किती वाजता हे 13 मध्ये, कुठे आणि किती वेळात हे 16 मध्ये. 19 मध्ये इंधन किती तास पुरेल, विमानात माणसं किती, तरंगती होडी आहे का आणि तिच्या आच्छादनाचा रंग कोणता. 19 नंबर प्लॅनबरोबर तारेवर जात नाही. तो निघालेल्या ठिकाणी कागदावर पडून राहतो आणि विमानाचा पत्ता लागेनासा झाला तरच कुणीतरी मागतं. मला तो भरलेला पाहायला आवडे आणि मागितलेला ऐकायला नको वाटे.

खरी कारागिरी मात्र 15 मध्ये. तारेवर अक्षराला वेळ मोजायचा असल्याने 'हे ठिकाण', 'हा मार्ग', 'हे अक्षांश-रेखांश' अशी लेबलं लावायची सोय नव्हती. मग रूपावरूनच ओळखायचं. दोन ते पाच अक्षरं नुसती आली, तर तो बिंदू: बीबीबी, एनएनपी, किंवा रास्की, पारार, लोटाव यांसारखी मुंबई आणि मस्कतच्या हद्दीवरची पाच अक्षरी नावं, जी उच्चारता येतील अशीच निवडतात. अक्षर आणि मागे आकडे आले, तर मार्ग. एकूण सात खुणा आणि शेवटी ई किंवा डब्ल्यू, तर पूर्ण अंशातले अक्षांश-रेखांश: 15एन065ई म्हणजे अरबी समुद्रातला एक बिंदू. अकरा खुणा असतील तर मिनिटांसकट. बिंदूच्या नावाला चिकटून सहा आकडे आले, तर पहिले तीन दिशेचे आणि पुढचे तीन अंतराचे: बीबीबी180040 म्हणजे मुंबईच्या व्हीओआरपासून दक्षिणेला 40 सागरी मैल. वेगात एम आला तर माक, उंचीत एम आला तर मीटर; कुठल्या जागी आला यावरून ठरवायचं. वेग 450 असला तरी 0450 लिहायचा, कारण चार आकडे हवेत म्हणजे हवेत. तीन लिहिले तर पुढची उंची एक घर डावीकडे सरकणार आणि सगळाच अर्थ बिघडणार. रेषा न आखता, रकाने न पाडता, नुसत्या लांबीवर चालणारी ही भाषा ज्यांनी बेतली ते लोक मला अजूनही हुशार वाटतात.

हुशारी अर्थात वाचणाऱ्याच्या जिवावर होती. जी450 म्हटलं की पुढचं सगळं त्याच्या डोक्यातल्या नकाशातून यायचं. मधली नावं लिहायची नाहीत; मार्ग जिथे धरायचा तो बिंदू आणि जिथे सोडायचा तो बिंदू, एवढंच. मुंबईच्या कंट्रोलरला नागपूर सांगावं लागत नव्हतं. ज्या पिढीने 1949 मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपालसेवा पाहिली होती, तिला तर मुळीच नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या घरी. देशाच्या आकाशाचा चौक नागपूर, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

आमच्याकडचा प्लॅन स्ट्रिपवर उतरायचा. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी, ती प्लॅस्टिकच्या साच्यात, साचा कंट्रोलरच्या पुढच्या फळीवर. एका विमानाच्या तीन-चार पट्ट्या व्हायच्या, रस्त्यातल्या महत्त्वाच्या बिंदूगणिक एक. 15 नंबरच्या रकान्यात जे बिंदू लिहिलेलेच नाहीत, तेही पट्टीवर हाताने यायचे, अंदाजे वेळेसह. कागदावरचा त्रोटक रस्ता माणूस इथे उलगडून पूर्ण लिहायचा. हे काम करणाऱ्या असिस्टंटचं नाव कुठल्या इतिहासात येत नाही.

आपल्या देशाने या जागतिक फॉर्ममध्ये आपली एक भर घातली. भारतात उडायचं तर हवाई संरक्षणाची परवानगी, एडीसी नंबर, आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर घ्यावा लागतो. नंबर मिळाला नाही म्हणून इंजिन सुरू करायला थांबलेले वैमानिक आणि आमच्या काउंटरवर टाचा घासणारे त्यांचे ग्राउंड हँडलर, हे रोजचं चित्र. लोक वैतागत. पण लिहिलेला रस्ता आणि उडालेला रस्ता यांत किती अंतर पडू शकतं, हे आमच्या पिढीने पाहिलं होतं. डिसेंबर 1995 मध्ये एक अंतोनोव्ह-26 वाराणसीहून कलकत्त्याला जायला निघालं, 17 तारखेच्या रात्री आडवाटेने पुरुलियावर शस्त्रं टाकली, कलकत्त्याला उतरून इंधन भरलं आणि फुकेतला निघून गेलं. परतीला मद्रासहून कराचीकडे जाताना हवाई दलाने त्याला मुंबईत उतरवलं. विमानातले पीटर ब्लीच आणि पाच लॅटव्हियन कर्मचारी पकडले गेले, त्यांचा साथीदार किम डेव्ही विमानतळावरून निसटला. फ्लाइट प्लॅन हा इरादा असतो, पंचनामा नव्हे. त्या आठवड्यात ही गोष्ट आमच्या खात्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पटली.

दुसरी मजा चार झेडची. प्रत्येक विमानतळाला चार अक्षरी नाव: मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, औरंगाबाद व्हीएएयू. पहिलं व्ही आपल्या विभागाचं, दुसरं ए पश्चिम भारताचं. ज्या जागेला असं नाव नाही, तिथे चार वेळा झेड लिहायचं आणि जागेचा तपशील 18 नंबरच्या शेऱ्यात द्यायचा. एरवी चार झेड क्वचित दिसायचे. निवडणूक लागली की नुसता सुळसुळाट. सकाळी तालुक्याच्या हायस्कूलचं मैदान, दुपारी साखर कारखान्याचं आवार, संध्याकाळी बाजार समिती. मूळ नियम रानावनातल्या धावपट्ट्यांसाठी केला असावा. आमच्याकडे त्याचा भरपूर उपयोग पुढाऱ्यांनी केला.

मग वाचणारा बदलला. प्लॅन कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला पाठवायचा झाला, स्ट्रिप छापून यायला लागली, नंतर पडद्यावरच आली. पण मजकूर तोच, 69 अक्षरांच्या ओळीत मावणारा. टेलिप्रिंटर भंगारात गेले तरी त्यांची सवय मागे राहिली. युरोपने वेगळी वाट काढली. तिथे सगळे प्लॅन युरोकंट्रोलच्या ब्रुसेल्स आणि ब्रेतिन्यीच्या केंद्रांकडे जातात. तिथलं यंत्र 15 नंबरचा रस्ता उलगडून प्रत्येक बिंदू, त्यावरची वेळ आणि उंची लेबलांसकट लिहितं आणि एडेक्सपी नावाच्या रूपात देशोदेशी पाठवतं. आमचा असिस्टंट पट्टीवर करायचा तेच, फक्त कुणी माणूस न बघता. इकडे जुन्या रूपालाही ठिगळं लागत गेली. 15 नोव्हेंबर 2012 रोजी सगळ्या जगाने एकाच दिवशी नवा नमुना स्वीकारला. त्यात विमानातली उपकरणं सांगणारा 10 आणि शेऱ्याचा 18 भरगच्च झाले. 15 जवळजवळ होता तसाच राहिला. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, असं मी म्हणेन.

28 ऑगस्ट 2023 रोजी, सुट्टीच्या सोमवारी, इंग्लंडमधल्या वाहतूक नियंत्रणाच्या यंत्राने एक प्लॅन वाचला. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणारं विमान, ब्रिटनवरून नुसतं पुढे जाणारं. ते ब्रिटनच्या हद्दीतून कुठे बाहेर पडतं, हे यंत्राला हवं होतं. युरोकंट्रोलने उलगडलेल्या यादीत तो बिंदू होता, मूळ 15 नंबरमध्ये लिहिलेला नव्हता. मार्गाच्या नावात गृहीत होता, आमच्या नागपूरसारखा. यंत्राने मग यादीतले त्यापुढचे बिंदू एकेक करून मूळ मजकुरात शोधले आणि त्याला डीव्हीएल सापडला. पण डीव्हीएल दोन आहेत. एक फ्रान्समधलं दोव्हिल, दुसरं अमेरिकेत नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक, आणि दोन्ही त्या प्लॅनमध्ये होते. यंत्राने अमेरिकेतला धरला. म्हणजे विमान ब्रिटनमध्ये शिरण्याआधीच ब्रिटनमधून बाहेर पडलं! असला रस्ता पुढे पाठवणं धोक्याचं, म्हणून यंत्राने स्वतःला बंद केलं. राखीव यंत्राने तोच प्लॅन घेतला, तसाच वाचला, तेही बंद. सगळं मिळून 20 सेकंदांच्या आत. मग प्लॅन हाताने भरायची पाळी आली, उड्डाणं रद्द होत गेली, आणि 7 लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला.

यात नियम कुणीही मोडला नव्हता. पाच अक्षरी नाव जगात एकदाच द्यायचं असतं, पण रेडिओ केंद्रांच्या दोन-तीन अक्षरी खुणांना ती अट नाही. एकमेकींपासून 600 सागरी मैलांच्या आत त्याच खुणा नसल्या की झालं. हे दोन डीव्हीएल एकमेकांपासून जवळपास 4000 मैलांवर. अंतराचा हा नियम झाला तेव्हा एवढ्या लांब पल्ल्याचा रस्ता एका दमात वाचणारं कुणी नव्हतं. अटलांटिकच्या अलीकडचा माणूस आपला डीव्हीएल वाचायचा, पलीकडचा आपला. आमच्या खोलीत तो प्लॅन आला असता तर कुणीही नवशिकी पोरगी म्हणाली असती, "अहो, हे दोन आहेत," आणि पुढच्या प्लॅनकडे वळली असती. मी यंत्रांच्या विरोधात नाही; रात्रीतून शेकडो प्लॅन येतात तिथे पोरी कुठवर पुरणार? पण 15 नंबर त्या पोरीला धरूनच लिहिला गेला होता, हे यंत्र लावणाऱ्यांच्या लक्षात राहिलं नाही.

आता नवं रूप येतं आहे. त्यात रस्ता बिंदूगणिक वेळ आणि उंचीसह, लेबलांसकट जाईल, प्रत्येक उड्डाणाला जगात एकमेव ओळख असेल आणि जुना फ्लाइट प्लॅन 2034 मध्ये बंद करायचं ठरलं आहे. तोवर काही देश नवं बोलतील, काही जुनं, आणि मधे बसून एकाचं दुसऱ्यात करणारी यंत्रं लागतील. नव्या प्लॅनमधलं बरंचसं 15 नंबरमध्ये मावणार नाही, ते गाळूनच जुनी ओळ तयार करावी लागेल. काय गाळायचं हे ठरवणारा प्रोग्राम मस्कतला, मुंबईला, नैरोबीला कुणीतरी लिहील. त्याने डीव्हीएलचा अहवाल वाचलेला असला म्हणजे मिळवलं.